दातांनी ऐकणारे मिस्त्री

नवरा गेल्यावर त्याची जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार विकायचं ठरवलं. त्याआधी मागच्या चाकांची बेअरिंग बदलायची होती. मी करायच्या कामांची यादी घेऊन आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, पोलोग्राउंड भागातल्या एका गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री सत्तरीचे, आपल्याच मराठी लोकांतले. यादी वाचून "बराबर लिहिलंय, ताई" म्हणाले आणि ती त्यांनी खिशात घातली.

जॅकवर चढवलेलं चाक फिरवत त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधोमध टेकवलं. आतला आवाज ऐकायला दुसरे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतात. यांनी ती दातांत धरली आणि डोळे मिटले.

मी बघतच राहिले, तसे म्हणाले, "कान गेले, ताई. हथौड्याने खाल्ले. दात अजून सुनतात."

नवी बेअरिंग बसली. पुन्हा चाक फिरलं, पुन्हा मूठ दातांत.

"एकदम मख्खन!" ते खुशीत म्हणाले.

मला मात्र खरखर स्पष्ट ऐकू येत होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण ही गाडी उद्या कुणीतरी चालवणार होतं. मी त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

त्यांनी सगळं पुन्हा उघडलं. एक बेअरिंग तिरकं बसलं होतं. ते सरळ करून त्यांनी चाक फिरवलं, पण आता स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी होकार दिला.

तेवढ्यात एक कारवाला दारात थांबला आणि आपल्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बोट करून ओरडला, "भिया, इसमें से आवाज आ रही है!"

"सामनेवाले को दिखा लो," मिस्त्री समोरच्या गॅरेजकडे हात करून म्हणाले, गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.