एक पातेलं पाणी आणि कुलकर्णी काकू

आज टँकर येणार नाही असा फोन आला, तेव्हा कुलकर्णी काकू जिना उतरत होत्या. प्यायचं पाणी सोडलं तर माझ्या किचनमध्ये एक पातेलं पाणी उरलं होतं. आणि माझं रेस्टॉरंट राहणार की जाणार, ते काकू जेवल्यानंतर ठरणार होतं.

मी शेफ. आता निवृत्त आहे, म्हणजे घरी फुकट स्वयंपाक करतो. तेव्हा सिडकोतल्या एका आतल्या गल्लीत, बंगल्याच्या तळमजल्यावर माझं सहा टेबलांचं इटालियन रेस्टॉरंट होतं. गल्ली इतकी शांत, की चीज वितळल्याचा आवाज समोरच्या बंगल्यात जायचा. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. ज्वारीच्या वावरात टॉवर उगवत होते, आणि टॉवरलाही पाणी लागतंच. हवा अशी कोरडी, की तोंडातून निघालेल्या शब्दाला समोरच्याच्या कानापर्यंत पोचता पोचता तडे जायचे. दुपारी कडुनिंबाची सावली माझ्या दारात येऊन घोटभर मागायची. मी दिलंय तिला.

संध्याकाळ झाली की मात्र सगळं सैल व्हायचं. वीज गेलेली असायची. मी टेबलांवर मेणबत्त्या लावायचो. धुळीतून येणारा उजेड असा जाड, पिवळा व्हायचा, की गिऱ्हाइकं त्यात पोहत पोहत खुर्चीपर्यंत येतात असं वाटायचं.

काकू माझ्या घरमालकीण. वरच्या मजल्यावर त्या आणि कुलकर्णी सर राहायचे. टाकी दोघांत एक. माझ्या सिंकचा पाइप त्यांच्या गॅलरीखालून जायचा. मी पास्ता गाळला की पाइपातून धो धो आवाज. वर काकू तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणार, भाजी धुतलेलं कुंडीला, आणि खाली माझा हा धबधबा. ॲग्रीमेंट संपत आलं होतं. मी रिन्यूचं विचारलं, तर म्हणाल्या, "बुधवारी जेवायलाच येते. पाण्याचं काय करता ते बघते, मग सांगते."

रिकाम्या हॉटेलात काकू एकट्या बसल्या तर बरं दिसणार नाही, म्हणून मी दोन दोस्तांना बोलावलं. सलीमचं स्पेअर पार्टचं दुकान. भानुदास गंगापूरकडचा धनगर, माझ्या चीजसाठी शेळीचं दूध आणायचा. दोघांना बजावलं होतं, जेवायचं आणि गप्प बसायचं. त्यांनी पहिलं मनापासून पाळलं.

आता पास्त्याचं जरा सांगतो. पास्ता म्हणजे वाळवलेली कणीक. ती भरपूर, खारट, खळखळत्या पाण्यात शिजवायची, शिजली की पाणी टाकायचं. दुसऱ्या ऑर्डरला दुसरं पाणी. मी ज्या मोठ्या हॉटेलात शिकलो, तिथल्या शेफनं पाणी वाचवल्याबद्दल माझ्यावर झारा फेकला होता. त्या झाऱ्याची झुळूक अजून कानाला लागते.

त्या संध्याकाळी नाइलाज होता. एकाच पातेल्यात पास्त्याचे तीन घाणे काढले, पास्ता झाऱ्यानं उपसून. पहिल्या घाण्याला पाणी धुरकट झालं, दुसऱ्याला ताकासारखं. तिसऱ्याला त्यावर अशी दाट, पांढरी चमक आली, की मेणबत्तीच्या उजेडात पातेल्यात चांदणं पडल्यासारखं दिसायला लागलं. वाफ किचनभर रेंगाळत होती. ती खिडकीतून बाहेर गेली आणि गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना एकदम झोप लागली. मलाही पेंग येत होती.

बाहेर काकूंनी पहिला घास खाल्ला होता. "शेवया बऱ्या आहेत. जरा कच्च्या आहेत."

मी म्हणालो, काकू, त्याला अल दान्ते म्हणतात, दाताला लागेल असा शिजवायचा.

"आमच्या ह्यांना दातच नाहीत," काकू म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला. सलीमनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

मी आत गेलो. तिन्ही घाणे झाले होते, आणि हाताची सवय हात सोडत नाही. मी दोन फडकी घेतली, पातेलं उचललं आणि सिंकवर कलतं केलं.

"कट फेकताय?"

काकू किचनच्या दारात उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. घरातलं कुणी गेलं की येतो तसा आवाज होता. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढतात, तो कट. त्याची आमटी करतात. तो मोरीत ओतणारा माणूस काकूंनी आजवर पाहिला नव्हता.

मी पातेलं ओट्यावर ठेवलं. ॲग्रीमेंट गेलं, हे मला कळलं होतं. पण काकूंनी पदर खोचला. खिडकीतून वरच्या गॅलरीकडे तोंड करून सरांना हाक मारली, गोडा मसाला, चिंच, गूळ, खोबरं खाली सोडा. थोड्या वेळानं अंधारातून दोरीला बांधलेली पिशवी हळूहळू उतरली. गोल गोल फिरत. गोड्या मसाल्याचा वास पिशवीच्या आधी पोचला. भानुदास जेवण सोडून बघत राहिला. "आभाळच किराणा द्यायला लागलं," तो हळूच म्हणाला.

काकूंनी फोडणी दिली, खोबरं वाटलं, चिंच कोळली. पातेलं रटरटायला लागलं. मग त्यांनी मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून पातेल्यावर आणली.

कट अळणी असतो. माझं पाणी खारट होतं, आणि तीनदा उकळून आटलं होतं. ती मूठ पडली असती तर आमटी जनावरानंही चाटली नसती. आणि सांगायचं कुणाला? ज्यांच्या सहीवर माझं दुकान चालणार होतं, त्यांना. मी काकूंचं मनगट धरलं.

किचनमधली वाफसुद्धा जागच्या जागी थांबली. काकूंचा हात आजवर कुणी धरला नव्हता, मिठासाठी तर नाहीच.

"यात मीठ आहे, काकू. आधी चाखा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. मी हात सोडला. त्यांनी पळीभर घेऊन फुंकर मारली, चाखलं. मग मूठ परत डब्यात सोडली आणि गॅलरीकडे मान वर केली.

"अहो, माझी आमटी खारट होते का हो कधी?"

वर कठड्याशी चपला वाजल्या. मग दातांशिवायचा, सावध आवाज आला. "लग्नापासून."

सलीमच्या हातातला काटा खाली पडला. मला वाटलं, आता माझ्याबरोबर सरांचंही सामान बाहेर येणार. पण काकू हसायला लागल्या. ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणाकडे एवढं जादा पाणी निघालेलं मी पाहिलं नव्हतं.

मग सरांना खाली बोलावलं. पाच जणांनी ती आमटी वाटीला तोंड लावून भुरकली. मेणबत्त्या बुडापर्यंत जळाल्या. बाहेरून धुळीचा, कडुनिंबाचा वास येत होता. कुणालाच उठायची घाई नव्हती. सरांनी तीन वाट्या घेतल्या, आणि प्रत्येक वाटीनंतर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची मुदतीआधी सुटका केली आहे.

जाताना काकू म्हणाल्या, "उद्या कागद घेऊन वर या. पण पाइपातून परत आवाज आला तर मी खाली येईन."

आवाज परत आला नाही. ती आमटी मी मेनूवर घातली, 'झुप्पा कुलकर्णी' म्हणून; झुप्पा म्हणजे इटालियनमध्ये सूप. वेरूळ बघायला आलेल्या एका इटालियन म्हाताऱ्यानं ती खाऊन डोळे मिटले आणि ही आपल्याच गावची आहे म्हणून सांगितलं. तोंडावर मी मान डोलावली. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

या धंद्यात मी जे शिकलो ते एवढंच. घरमालकिणीला जे सांगायचं ते मीठ पडायच्या आधी सांगावं. नंतर सांगितलं तर तक्रार होते, आणि खावं आपल्यालाच लागतं.