लाडवांवर आलेला आळ

कढत तुपात डिंक पडला की क्षणभर स्तब्ध राहतो आणि मग तडतडत टपोरा फुलतो. त्यासरशी घरभर पसरणारा तो उष्ण, गोडसर गंध म्हणजे माझ्या लेखी थंडीचं खरं आगमन! आमच्या श्रीगोंद्यात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागले, की थोरल्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातला हा दरवळ भिंत ओलांडून माझ्याकडे यायचा. यंदाच्या थंडीत तो आलाच नाही. का, ते तुम्हाला सांगते. सांगता सांगता मलाही उमगलं तर बरंच.

जाऊबाईंचा तुषार बेसबॉल खेळतो. क्रिकेटपलीकडे ज्या गावाची दृष्टी जात नाही, तिथे हा खेळ शाळेतल्या एका हौशी मास्तरांनी आणला आणि तुषार तो खेळत थेट परदेशी पोचला. तिथल्या व्यावसायिक संघातून खेळताना त्याने एका हंगामात सर्वांत जास्त होमरन मारण्याचा विक्रम केला. होमरन म्हणजे काय हे आम्हाला धड कळलं नव्हतं, तरी चौकात त्याचा फ्लेक्स लागला आणि मीही चारचौघींत उगाच भाव खाऊन घेतला. मग एका तपासणीत त्याच्या शरीरात बंदी असलेलं औषध सापडलं. तो पत्रकारांना म्हणाला, आईने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांत कसलीशी मुळीची पूड होती, तिच्यातूनच काही गेलं असेल. ते कुणी मानलं नाही. त्याचा खेळ थांबला, विक्रमावर संशयाचं सावट आलं आणि फ्लेक्सही उतरला.

पूड होती, हे मात्र खरं. लेकराला ताकद यावी म्हणून जाऊबाईंनीच ती बाजारातून आणली होती. आपल्या हातांनी पोराचं वाटोळं केलं, हे त्यांच्या मनाने इतकं घेतलं की लाडू करणं तर दूरच, त्या धड जेवेनातही. मायेने भरवलेला घास अपराध ठरावा, याहून दारुण शिक्षा आईला दुसरी कोणती असेल? मला तुषारचा राग येई. आणि तो खरंच सांगत असेल तर, या विचाराने माझ्या रागाचीच लाज वाटे.

गेल्या आठवड्यात तो घरी आला. आम्ही तिघंच स्वयंपाकघरात होतो. आईने ताटातली भाकरी नुसती चिवडलेली पाहून तो खाली मान घालून म्हणाला, "आई, तुझ्या लाडवात काय नव्हतं. मीच इंजेक्शन घेतलं हुतं."

जाऊबाई त्याच्या ताटात भाजी वाढत शांतपणे म्हणाल्या, "आसू दे. लोकांला माझंच नाव सांगत जा. मला कुठं उद्या म्याच खेळायची हाय?"

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. मी मात्र तेव्हापासून गोंधळून गेले आहे. तो खरं बोलला, की आईच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्याने नसलेला गुन्हा अंगावर घेतला? आणि त्यांना ते पटलं, की पटल्यासारखं दाखवून त्यांनी त्याला सावरलं? विचारायचं तरी कुणाला, आणि कोणत्या तोंडाने!

परवा बाजारात एकीने मला आडून आडून विचारलंच, की तुषारचं नक्की काय झालं होतं. मी भाजी निवडता निवडता म्हणाले, लाडवांनीच घात केला म्हणे. घरी येईपर्यंत मला कळेना, की मी दोघांपैकी कुणाला वाचवलं.