झाकणाचा वेग

आमच्या टेम्पोला दोन वेगमर्यादा होत्या. एक सरकारची. ती कराडच्या रंगाऱ्याने मागच्या फळीवर 'वेग ४०' अशी ठसठशीत लिहिलेली. ती मागून येणाऱ्यांना दिसायची, मला कधीच दिसली नाही. दुसरी बायकोची. ती शेजारीच बसलेली असायची.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं कराडहून कोयनानगरच्या वसाहतीत भाजी विकायला न्यायचो. टेम्पो जुना होता आणि वेगाचा काटा आम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून मेलेलाच होता. पण बायकोच्या पायाशी भाकरीचा पितळी डबा असायचा आणि त्याचं झाकण जरा सैल होतं. चाळीसच्या आत ते गप्प राहायचं, पुढे गेलं की ताडताड वाजायला लागायचं. हा शोध तिचाच.

"आवं, झाकण वाजतंय. प्येट्रोल जळतंय नुसतं!"

मग मी मुकाट्याने पाय सैल करायचो. पेट्रोल महागलं आणि पंपांवर रांगा लागायला लागल्या, तेव्हापासून तर त्या झाकणाला आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता. उसाच्या बैलगाड्या सोडल्या तर रस्त्यावरचं सगळं आम्हाला मागे टाकून जायचं. एक ट्रकवाला रोज ओरडायचा, "ढकलू का रं, गड्या?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बाकीचे भाजीवाले वाटेत डबडं घेऊन पेट्रोल मागत फिरायचे, तशी वेळ आमच्यावर कधी आली नाही, हेही खरं.

अशात भाचीचं लग्न ठरलं. विट्याजवळचं खेडं, गोरज मुहूर्त. मी बहिणीचा एकुलता एक भाऊ, म्हणजे अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहायचं ते मलाच. तरी एक चुलतभाऊ होता आणि तो या मानासाठी टपूनच बसलेला. "टेम्पोनं येणार व्हय? मग मी आपला फेटा बांधून ठेवतो," असं त्याने आधीच ऐकवलं होतं.

लग्नादिवशी सकाळची खेप चुकवता आली नाही, भाजी आदल्या दिवशीच घेतलेली. परत कराडला आलो तर पंपावर ही भली मोठी रांग. आमचा नंबर जवळ आला आणि पंपवाल्याने पेट्रोल संपल्याची पाटी लावली. टाकीत होतं तेवढ्यावरच निघालो. सुर्लीचा घाट चढून वर आलो तेव्हा हिशेब सरळ होता. चाळीसने गेलो तर पेट्रोल पुरेल, पण मुहूर्त टळेल. जोरात गेलो तर वेळ गाठता येईल, पण पेट्रोल वाटेत दगा देईल. मी सवयीने चाळीसच धरले. झाकण गप्प राहिलं.

कडेगावच्या पुढे गुरं घराकडे वळलेली दिसली. रस्ताभर धूळ. बायको त्या धुळीकडे बघत राहिली. मग वाकून तिने डब्याचं झाकण काढलं आणि मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"आता न्हाई वाजत. हाणा!"

मी हाणली. कित्येक वर्षांचा राग त्या पायात होता. तो रोजचा ट्रकवाला तेव्हा समोर यायला हवा होता, एवढी एकच हळहळ वाटली.

गावाच्या शिवेवर, वाजंत्री ऐकू यायला लागली आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. आहेराची भांडी मागे होती, ती सोडून दोघांना जाता येईना.

"पळा तुमी. मी हाय हितं."

"तू अक्षता टाकायची न्हाईस व्हय?"

"मामा मी हाय का तुमी? पळा म्हंते न्हवं!"

मी पळालो. मांडवात शिरलो तर चुलतभाऊ फेटा बांधून भाचीच्या मागे उभा. त्याला कोपराने बाजूला सारलं आणि उभा राहिलो. बहीण रडतच हसली. भाचीने मागे वळून फक्त विचारलं, "मामी कुठाय?" त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्षता पडल्यावर अर्धं वऱ्हाड शिवेवर गेलं आणि टेम्पो ढकलत मांडवापर्यंत घेऊन आलं. चुलतभाऊ सगळ्यांत पुढे. बायको आत नवरीसारखी बसलेली, झाकण अजून मांडीवर. भाचीने तिच्या हातात तांदूळ दिले. तिने ते खिडकीतूनच नवरा-नवरीवर टाकले.

दुसऱ्या दिवशी विट्यात पेट्रोल मिळालं आणि आम्ही परत निघालो. गावाबाहेर पडताच तिने झाकण डब्यावर ठेवलं. पहिल्याच उताराला ते वाजलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी पाय सैल केला.