बाहुल्यांच्या गाडीचं सीमोल्लंघन

मी तिला गाडी म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या गल्लीच्या लेखी ते एक कपाट होतं. बेंगळुरूत मल्लेश्वरमला आमच्या भिंतीला भिंत लागून एका कानडी अक्कांचं घर होतं, आणि त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही सायीच्या रंगाची जर्मन गाडी उभी असायची. आत सगळ्या सीटांवर जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या. इथे दसऱ्याला घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यांना गोंबे म्हणतात. अक्कांकडे गोंबे फार, घरात जागा कमी, आणि गाडी रिकामी. मग काय, राजा-राणी पुढच्या सीटवर, देव मागच्या सीटवर, वाणी-वाणीण पायाशी. दरवर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही गल्लीतल्या बायका रांग लावून त्यांना बाहेर काढायचो आणि दसरा झाला की परत झोपवायचो. त्या गाडीचं कुठलं दार अडकतं, कुठलं जरा उचलून लावावं लागतं, हे मला माझ्या फ्रीजइतकं पाठ होतं. इंजिन पुढे असतं की मागे, ते मात्र ठाऊक नव्हतं.

अक्कांचे यजमान गेल्यावर गाडी बंद झाली. मायदेशी परत निघालेल्या कुणा जर्मन इंजिनियरकडून त्यांनी ती घेतली होती म्हणे. आम्ही पेठेतलं बिऱ्हाड सोडून इथे राहायला आलो, त्याच्या आधीच ते गेले होते. म्हणजे गाडी चालताना मी पाहिलेलीच नाही. अक्का मात्र दर नवमीला, आयुधपूजेला, तिला हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवायच्या. चाकं काही हलायची नाहीत, लिंबं तिथेच वाळायची.

गेल्या वर्षी अक्कांनी घर बिल्डरला दिलं. त्या लेकीकडे एचएसआर लेआउटला जाणार होत्या. घर संक्रांतीनंतर पाडायचं, शेड मात्र दसरा झाला की लगेच. गाडीचं काय, तर भंगारवाला ठरला होता. तो हूक लावून ओढून नेणार होता.

हे मला भाजी निवडताना कळलं. आम्ही दोघी कानडीतच बोलतो, इथे मी मराठीत लिहिते. अक्का म्हणाल्या, "बाकी काही वाटत नाही. पण यजमानांबरोबर मी तिच्यातून म्हैसूर बघितलं, मडिकेरी बघितलं. तिला हुकाला उलटं टांगून नेताना मला बघायचं नाही. मी देवळात जाऊन बसेन."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेते."

आमचे हे पलीकडे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "काय घेतेस? मेथी?"

"गाडी."

"आपल्याकडे गाडी आहे."

"ती तुमच्यासाठी आहे. ही माझ्यासाठी."

अक्कांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पण एक अट आहे. आयुधपूजेला ती स्वतःच्या पायांनी गेटबाहेर पडली पाहिजे. ढकलायची नाही, ओढायची नाही. पडली तर ती तुझी, आणि मी हे घर सोडेन ते तिच्यातूनच. नाही पडली तर मग भंगारवाल्याला बोलाव आणि मला देवळात पोचव."

आता हे नक्की कुणाच्या जिवाला लागलं होतं ते मला विचारू नका. अट त्यांची, पण रात्री झोप माझी उडाली.

इथल्या शिवाजीनगरहून मी एक मिस्त्री आणले. वय झालेले, मेंदीची दाढी, आणि बोलण्यात माझ्यावर ताण. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "अम्मा, ये गाडी मरी नै, सोई है." मला माणूस आवडला. कामाला लागले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर ते काकवीसारखं ओघळलं. कार्बोरेटर खोलून केरोसीनमध्ये बुडवला. प्लग बदलले, पट्टे बदलले, ब्रेक गंजून चिकटले होते ते सोडवले. टायर शोधायला आठवडा गेला. मी रोज चहा घेऊन जायची आणि तिथेच रेंगाळायची. मधल्या वेळात आमच्या ह्यांनी आरटीओच्या खेपा सुरू केल्या, आणि प्रत्येक खेपेनंतर घरी येऊन मला ऐकवलं, "लोक या वयात काशीला जातात."

शेवटी बॅटरी जोडली. मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हटलं, मी गणपतीला हाक मारली, अक्कांनी राघवेंद्रस्वामींना. चावी फिरवली. गाडी घुरघुरली, थरथरली, तिने पंधरा-वीस श्वास घेतले आणि बसली. परत फिरवली. परत तेच. मिस्त्री म्हणाले, "उठती है, खाँसती है, फिर सो जाती है."

मग गल्लीतले सगळे पुरुष डॉक्टर झाले. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी. दुसरा म्हणाला पंप. समोरच्या घरातला आयटीवाला पुण्याचा मुलगा मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, इग्निशन टायमिंगचा इश्यू आहे, मी व्हिडिओ बघितलाय." आमचे हे म्हणाले, "वयाचा इश्यू आहे." मिस्त्रींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पंप पुन्हा खोलला, पुन्हा लावला. गाडी खोकून झोपली. नवरात्र बसलं, बाहुल्या बाहेर आल्या, अक्कांच्या दिवाणखान्यात शेवटच्या वेळी पायऱ्या मांडल्या गेल्या, आणि गाडी रोज सकाळ-संध्याकाळ खोकून झोपत राहिली. अष्टमीला मिस्त्री मान खाली घालून घरी गेले. भंगारवाला गेटपाशी येऊन उगाच विचारून गेला, "अम्मा, नाळे?" उद्या का, म्हणून.

त्या संध्याकाळी मी अक्कांकडे गोंबे बघायला गेले. मन नव्हतं, पण जायलाच हवं. गाणी झाली, सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटून झालं. अक्कांनी मला तांबूल दिलं: विडा, नारळ, हळदकुंकू आणि ब्लाउजपीस. ब्लाउजपीस पाहिला आणि मला हसू आलं. जांभळा, पिवळी चौकट. मीच चैत्रगौरीला त्यांना दिलेला.

आता हे मराठी वाचकिणींना सांगायला नको. ओटीचा ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. तो इकडून तिकडे फिरतो, गल्लीची फेरी करून आपल्याच कपाटात परत येतो.

"अक्का, हा माझाच."

"चांगला आहे म्हणून परत दिला. नाहीतर दिला नसता."

"आणि मागच्या वर्षीचा तो पोपटी? तो कुठल्या घरी गेला?"

"अय्यो, तो भयंकर रंग कुणाला देऊ? तो गाडीत गेला."

"गाडीत कुठे? बाहुल्या तर मीच काढल्या."

"आत नव्हे ग. मागे ती धुराची नळी आहे ना, तिच्यात. एकदा उंदीर शिरला तिथून, तेव्हापासून दरवर्षी दसरा झाला की एखादा कोंबते. जे खपत नाहीत ते. वेखंड गुंडाळून, काठीने आत ढकलून द्यायचं. बाहेरून दिसतही नाही."

माझ्या हातातला नारळ मी खाली ठेवला. "अक्का, मिस्त्री इतके दिवस झगडतायत. तुम्ही हे सांगितलं का नाही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तो सारखा पुढे बघत होता. पेट्रोल पुढे जातं, तो पुढचंच बोलत होता. मी मागे भरलंय. त्याचा काय संबंध?"

मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तोबा, अम्मा. मुँह पे हाथ रख के गाना गवाया उसकू."

नवमीला सकाळी ते मोठी वाकडी तार घेऊन आले. बातमी गल्लीभर झाली होती, बायका आंघोळी करून, केसांत मोगरा माळून शेडमध्ये हजर. मिस्त्री जमिनीवर आडवे झाले, तार आत घातली, गुंतवली आणि ओढली. पहिला आला तो पोपटी. त्याच्या मागून राणी रंगाचा, मग एक मोरपिशी, मग असा एक ज्याच्यावर विमानं छापली होती.

"हा माझा," कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाच्या लग्नातला. अक्का, लग्नातला नळीत घातलात?"

"मुलगा चांगला आहे. कापड वाईट होतं."

पिठाच्या गिरणीवालीने एक काळवंडलेला तुकडा दोन बोटांत धरला. "हा मी तुम्हाला दिला नव्हता. मी हिला दिला होता." ही म्हणजे मी. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी गाडीकडे बघायला लागले.

आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "मी इतकी वर्षं विचारतोय, हे ब्लाउजपीस शेवटी जातात कुठे. आज कळलं." मग मिस्त्रींना म्हणाले, "भाई, अजून एक गुंतलाय बघा. साडी निघाली तर सांगा."

मिस्त्रींनी चावी फिरवली. गाडी खोकली. मग मागून धप्प असा आवाज झाला, उरलेला एक गोळा काजळीसकट उडून थेट ह्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर बसला, आणि गाडी चालू राहिली. चालूच राहिली. वेखंडाच्या वासाचा निळा धूर शेडभर झाला. मिस्त्री टायरला टेकून बसले आणि दाढीवरून हात फिरवत राहिले. अक्का हात जोडून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

कोहळा ओवाळून फोडला. चाकांखाली ताजी लिंबं ठेवली. आता बाहेर काढायची. मी सवयीने उजवं दार उघडून बसले आणि स्टिअरिंगसाठी हात पुढे केला. समोर काही नाही. तेवढ्यात आमचे हे लेंगा झटकत सवयीने डावीकडे बसले होते, आणि स्टिअरिंग त्यांच्या पोटाला लागलं होतं. ते घाबरून म्हणाले, "मी नाही हं चालवणार. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय." त्या गाडीत मी इतकी वर्षं बाहुल्या झोपवल्या. चाक डावीकडे आहे हे बघितलंही होतं. पण अंगाला कुठे माहीत असतं?

आम्ही जागा बदलणार इतक्यात अक्का खिडकीशी आल्या. मला म्हणाल्या, "तू डावीकडे जा." ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही मागे. उजवी जागा माझी."

चारी लिंबं फुटली आणि आम्ही गेटबाहेर पडलो. देवळापर्यंत जाऊन यायचं, एवढंच ठरलं होतं. पण कोपऱ्यावर केळीचे खुंट लादलेला टेम्पो उभा होता, आणि मला पलीकडचं काही दिसेना. डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला कसं दिसणार? समोरून येणारी गाडी दिसते ती उजवीकडच्याला. मी ब्रेकवर पाय ठेवून बसले. अक्कांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"निल्ली," त्या म्हणाल्या. थांबा. एक स्कूटर गेली. "निल्ली." एक रिक्षा गेली. मग हात बाहेर काढून त्यांनी मागच्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "हं, आता होगी." जा.

मी गेले. आरामात गेले.

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. "यजमान नुसतं चाक फिरवायचे," त्या म्हणाल्या. "म्हैसूरला मीच नेलं त्यांना, मडिकेरीला मीच. ते गेल्यावर मुलं म्हणाली, आता गाडी चालवणारं कोणी नाही. मी काही बोलले नाही."

संक्रांतीनंतर गाडीचे कागद हातात आले आणि मी अक्कांना त्याच गाडीतून एचएसआर लेआउटला सोडलं. पुढे आम्ही दोघी, मागे हे, आणि ह्यांच्या मांडीवर राजा-राणी. बाकीचे गोंबे अक्कांनी गल्लीत वाटून दिले होते. अख्ख्या बेंगळुरूच्या वाहतुकीतून त्यांनी मला "स्वल्प थांब" आणि "होगी" करत नेलं. एकदाही चुकल्या नाहीत. लेकीच्या बिल्डिंगखाली उतरल्या तेव्हा त्यांनी दार जरा उचलून लावलं, जसं लावायचं असतं तसं. मग बॉनेटला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, "दसऱ्याला मला न्यायला ये. रस्ता कोण दाखवणार तुला?"

परत येताना उजवीकडे हे बसले. मी म्हटलं, आता तुमचं काम. निघालो तोच पुढे पाण्याचा टँकर आला.

"जाऊ?"

"थांब."

"आता?"

"थांब. लांब एक बस दिसतेय."

"किती लांब?"

"दिसतेय ना, मग झालं."

एचएसआरपासून मल्लेश्वरमपर्यंत आम्ही त्या टँकरच्या मागून आलो. मध्ये तो वळला, तर ह्यांनी दुसरा शोधला.