बाईसाहेबांचे कान

बाईसाहेबांची तक्रार अगदी साधी होती. या घरात त्यांना कुणी धड झोपू देत नव्हतं. मांजराला दिवसाकाठी पंधरा-सोळा तास झोप लागते, हे काय नव्यानं सांगायला हवं? पण घड्याळजीच्या घरात सांगायचं कुणाला? ऐकतंय कोण!

घड्याळजी माणूस तसा गरीब. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्याचं टेबल, टेबलावर हिरवं कापड, त्यावर चिमटे, बारके पेचकस आणि पोट उघडं टाकून पडलेली घड्याळं. एकतीस वर्षं हा गृहस्थ त्याच खुर्चीत बसून तेच काम करत आला होता. घड्याळ हातात आलं की आधी कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हे जरा लंगडतंय." उघडून पाहावं तर खरंच तसं असायचं. त्याच्या कानाचं चार गल्ल्यांत नाव होतं. लोक म्हणत, घड्याळजी घड्याळाशी बोलतो.

बायकोशी मात्र बोलायचा नाही. मान टेबलात, भिंग डोळ्याला. ती स्वयंपाकघरातून हाका मारमारून थकायची आणि शेवटी दारात येऊन ओरडायची, "अहो, बहिरे झालात का?" एकतीस वर्षं हेच वाक्य! त्यामुळे ज्या वर्षी ते खरं झालं, त्या वर्षी तिला पत्ताच लागला नाही.

पत्ता लागला तो बाईसाहेबांना. त्या फिरून येऊन खिडकीबाहेर उभ्या राहिल्या, घसा कोरडा पडेपर्यंत ओरडल्या, आणि काचेपलीकडे वीतभर अंतरावर हा माणूस ढिम्म! माज आलाय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीमागे बसून गळा काढला. काही नाही. मग फळीवरचा पत्र्याचा डबा मुद्दाम ढकलून दिला. शेजारीण धावत आली, पण घड्याळजीनं मान वर केली नाही. तेव्हा बाईसाहेबांच्या लक्षात आलं की या माणसाचे कान आता फक्त चष्मा अडकवण्यापुरते उरलेत.

बिचारा, म्हणून सोडून द्यावं, तर तो भलताच हुशार निघाला. बाईसाहेब टेबलाच्या कोपऱ्यात उन्हाला झोपायच्या. मांजर झोपलं तरी त्याचे कान जागे असतात, हे त्यानं हेरलं. बाईसाहेबांचा कान दाराकडे वळला की हा उठायचा, "आलो, आलो!" कान स्वयंपाकघराकडे वळला की अंदाजानं "हो गं!" कुकरच्या शिट्टीला कान तीनदा फडफडले की ओरडायचा, "अगं, तीन झाल्या, बंद कर!" बायको कौतुकानं म्हणायची, "कान मात्र तिखट आहेत हो तुमचे." बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कान कुणाचे आणि शाबासकी कुणाला!

बरं, बायकोचंही धड नाही. नवरा दिवसभर मांजराकडे टक लावून बसतो हे तिला दिसत होतं. "लग्न झाल्यापासून माझ्याकडे कधी असं पाहिलं नाहीत," ती म्हणायची. तिनं बाईसाहेबांचं नाव 'सवत' ठेवलं आणि दुधात पाणी वाढवलं. म्हणजे चाकरी फुकट, वर शिक्षा!

एका दुपारी बायको बाजारात गेली असताना घड्याळजी हळूच म्हणाला, "बाईसाहेब, कुणाला सांगू नका. ऐकू न येणाऱ्या घड्याळजीकडे घड्याळ कोण देईल? आणि हिला कळलं तर ही टेबल आवरायला लावेल. मग मी करू काय?" त्याचे डोळे भरून आले होते. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं. सांगणार कुणाला? या घरात मांजराची भाषा येते कुणाला!

हेही त्या सोसत होत्या. पण मुख्याध्यापिकाबाईंचं गजराचं घड्याळ आलं आणि डोक्यावरून पाणी गेलं. गजर किती मोठा वाजतो ते याला कळेना. मग यानं काय करावं? बाईसाहेबांना डोळा लागला की घड्याळ त्यांच्या डोक्याशी ठेवून वाजवायचं! नुसते कान हलले तर गजर मऊ, वीतभर उडाल्या तर पक्का. एका सकाळी सहा वेळा! सहाव्यांदा त्या उडाल्या त्या थेट कपाटावर जाऊन बसल्या. बस्स झालं. आता घर बुडो नाहीतर तरो, कान हलणार नाही.

घड्याळजी खालून पाहत राहिला. "अहो, या ना खाली." छे! त्यानं सुस्कारा सोडला आणि मान टेबलात घातली.

थोड्या वेळानं बायको अंघोळीला गेली आणि बाथरूमची कडी आतून अडकली.

"अहो, कडी निघत नाहीये!" बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. "अहो! ऐकताय का?" मग दारावर थापा. "एक काम करतील तर शपथ! बसलेत घड्याळं कुरवाळत! बाहेर येऊ दे मला, मग बघते!" चालू दे, बाईसाहेब मनात म्हणाल्या, माझ्या दुधात पाणी घालतेस काय!

पाव तास असाच गेला. मग आतला आवाज बदलला. चिडणं संपलं होतं.

"अहो, बोला ना काहीतरी. बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पडलात का कुठं? नुसतं हूं म्हणा हो."

आणि ती रडायला लागली. ती आत कोंडलेली, आणि काळजी बाहेरच्याची. बाईसाहेबांना इतका संताप आला की सांगता सोय नाही, कारण आता झोप लागणं शक्यच नव्हतं. काय ही माणसं! त्यांनी कपाटावरून उडी टाकली ती नेमकी मुख्याध्यापिकाबाईंच्या उघड्या घड्याळावर. चाकं चहूकडे उडाली. घड्याळजी ओरडायला गेला आणि थांबला. बाईसाहेबांचे दोन्ही कान ताठ, बाथरूमच्या दिशेनं.

तो उठला. बाईसाहेब पुढे, तो मागे. बंद दारापाशी त्यानं तळहात टेकवला, हल्ली घड्याळावर टेकवायचा तसा, आणि त्याला आतल्या थापा जाणवल्या. चेहरा पांढरा पडला. खांद्यानं दोन धक्के दिले, कडी निखळली.

बायको ओल्या केसांनी दारात उभी. "मला वाटलं तुम्ही गेलात!" तिनं त्याच्या छातीवर बुक्की मारली. "इतक्या हाका मारल्या! बहिरे झालात का?"

तो तिच्या ओठांकडे पाहत होता.

"हो," तो म्हणाला. "दीड वर्ष झालं."

मग तिनं खाली मांजराकडे पाहिलं, मांजराच्या कानांकडे पाहिलं, आणि मटकन उंबऱ्यावर बसली.

टेबल काही आवरलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनं स्टूल आणून टेबलाच्या त्या उन्हाच्या कोपऱ्यापाशी ठेवलं. "सरक गं," ती म्हणाली. सवत नाही म्हणाली. मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ पुन्हा जुळलं होतं. तिनं ते कानाला लावलं. "हे अडखळतंय."

"सावकाश बोल," घड्याळजी म्हणाला, "आणि माझ्याकडे बघून बोल."

"अ-ड-ख-ळ-तं-य!" असं म्हणून ती हसायलाच लागली. तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिला. ती लाजून लाल झाली, या वयात!

बाईसाहेबांना कपाटाखालची जागा मिळाली. गार, शांत, दुधाची वाटी घट्ट दुधाची. दिवसभर कुणी उठवलं नाही. दुपारी दारावर टकटक झाली तशी त्यांनी सवयीनं कान वळवला आणि टेबलाकडे पाहिलं.

बायकोनं नवऱ्याच्या हातावर दोनदा बोट आपटलं. तो उठला, "आलो, आलो!"

बाईसाहेबांनी कान आणखी एकदा वळवला, चांगला जोरात. टेबलाकडून कुणी पाहिलं नाही. हवी होती ती झोप आता हवी तेवढी होती, आणि डोळा काही केल्या लागत नव्हता.