पवन्याची जागा

लोणी भापकरच्या मागच्या टेकडीवर पवना नावाचं गवत उगवायचं. कमरेइतकं उंच, दाट, आणि तुरे पिकले की उन्हात तांबूस दिसणारं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नसे. म्हस्कू आबा मात्र जन्मभर मेंढ्यांमागं हिंडलेले, त्यामुळे गवताकडे ते मेंढीच्याच डोळ्यांनी बघायचे. त्यांची बायको साखरबाई म्हणायची, "माझ्याकडं असं कदी बघितलं न्हाय ह्या माणसानं."

वाडीचा एक रिवाज होता. पवन्याचं बी झडल्याशिवाय टेकडीवर कळप चढवायचा नाही. झडलं की नाही, ते आबांनी ठरवायचं. दसऱ्याच्या सुमाराला ते एकटे वर जात, एक तुरा तळहातावर चोळत, फुंकर मारत आणि खाली येऊन "सोडा" म्हणत. घरात त्यांचं कुणी ऐकत नसे, पण या एका शब्दासाठी सगळी वाडी थांबून राही.

चौऱ्याण्णव साली झाडं लावणाऱ्या खात्याचे रघुनाथ साहेब जीपमधून आले. माणूस गोड. त्यांनी विचारलं, "आबा, या टेकडीवर चांगली माती कुठं आहे?"

पँटवाल्या माणसानं आबांना आजवर वयाखेरीज काही विचारलं नव्हतं. आबा हरखले. साहेबांना हाताला धरून वर घेऊन गेले. "ह्यो पवना. पवना हाय तितं माती हाय. पल्याड कुसळी दिसतीया न्हवं, तितं निस्ता मुरूम."

आबांना वाटलं, चांगली जागा एकदा दाखवली की साहेब ती सोडतील आणि झाडं मुरमात लावतील. जिथं आधीच काही धड चाललंय तिथं कोण कशाला कुदळ मारील? साहेबांनी वहीत खूण केली, आबांचे आभार मानले, चहासुद्धा पाजला.

उन्हाळ्यात खड्डे पडले. सगळे पवन्यात.

आबा तालुक्याला, बारामतीला, साहेबांकडे गेले. "सायेब, चुकलं. मी दुसरी जागा दाखवतो. वाईटातली वाईट."

साहेब हसले. "आबा, नुसत्या गवताचं काय घेऊन बसलात? इथं जंगल होणार आहे."

टेकडीभोवती काटेरी तार आली आणि पाच वर्षांसाठी चराई बंद झाली. भवानीनगरच्या कारखान्यात असलेल्या मुलानं, दादासोनं, मधे पडून आबांना टेकडीवरच राखणदार करून घेतलं. "आबा, आता बसून पगार," तो म्हणाला. पोराला आनंद झाला होता, म्हणून आबा नाही म्हणाले नाहीत. मेंढ्या त्यांनी चुलतभावाला, गेणबाला, देऊन टाकल्या.

पावसाळ्यात रोपं लावली. पवन्याखालची माती होती वीतभरच, आणि तीही पवन्यानंच धरून ठेवलेली. गवत उपटल्यावर एका पावसाळ्यात ती ओघळून गेली. होळीपर्यंत रोपं वाळून काटक्या झाली. साहेबांची तोवर बदली झालेली. पगार मात्र वेळेवर येत होता.

एका सकाळी गेणबा कळप घेऊन तारेपाशी आला.

"काय राखतोयस म्हस्कू?"

"खड्डं."

"पळून जात्यात व्हय?"

आबा हसले नाहीत. उठले, तारेचं फाटक उघडलं आणि बाजूला झाले. नोकरी गेली तर जाऊ दे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मेंढ्या आत धावल्या. म्हाताऱ्या मेंढ्यांना वाट ठाऊक होती, त्या थेट माथ्यावर गेल्या. खड्ड्याखड्ड्यांत तोंडं घालत, मुरूम हुंगत फिरल्या. गेणबानं हाळीही दिली नव्हती, तरी थोड्या वेळानं एकेक करून आपणच बाहेर आल्या.

गेणबाचं तोंड खरं तर वाडीत सगळ्यांत फटकळ. साहेबांना पवन्याची जागा कुणी दाखवली, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्यानं नुसता कळप वळवला आणि कालव्याच्या रस्त्याला लागला.

त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं.