हॉलच्या फरशीवरचा डाग

कारखान्याबरोबरच आमच्या सेक्टरजवळ एक मोठा हॉल उभा राहिला. सभा तिथे, कुस्त्या तिथे, बॅडमिंटन तिथे आणि मे महिन्यात लग्नंही तिथेच. त्याची मोझॅकची फरशी माझ्या बाबांनी घातली होती. गुडघ्यांवर बसून त्यांनी ती घासली, तोंड दिसेल इतकी.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी हट्टच धरला, लग्न त्याच हॉलमध्ये. मला घेऊन ते तारीख धरायला गेले. तिथला बाबू आमच्याच नागपूरकडचा. त्या हिंदी मुलखात मराठी ऐकून त्याने बाबांना खुर्ची दिली.

"तारीख मोकळी आहे, मिस्त्री. फक्त होमाखाली विटा अन् पत्रा टाका. फरशी तडकते."

फरशीची काळजी करणारा भेटला म्हणून बाबा खूश. म्हणाले, "तिची फिकर नका करू साहेब. आमच्यात होम नसतेच. मेणबत्त्या लावतो, पंचशील म्हणतो, झालं लगन."

बाबूचं हसू तिथल्या तिथे गेलं. त्याने रजिस्टर पुन्हा उघडलं. त्या दिवशी म्हणे बॅडमिंटनचे सामने होते, मघाशी ध्यानात आलं नव्हतं. बाबांनी दुसरी तारीख विचारली. त्या दिवशीही सामनेच.

बाहेर आल्यावर मी बाबांवरच ओरडले, "कावून सांगितलं तुम्ही? पत्रा टाकतो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"खोटं बोलून पोरीचं लगन लावू काय?" एवढंच म्हणाले.

ताईचं लग्न आमच्या रुआबांधा सेक्टरात, क्वार्टरपुढे लागलं, रणरणत्या उन्हात. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर लाल धूळ बसली. हॉलमध्ये त्या दिवशी कसले सामने? तिथे सनई वाजत होती.

आठवड्याने हॉलचा चपराशी दारात आला. हॉलमधल्या त्या लग्नात होमाखाली कुणी पत्रा टाकला नव्हता. फरशी काळी पडून तडकली होती आणि बाबूसाहेबांनी मिस्त्रीला बोलावलं होतं. माझ्या अंगाची आग झाली.

"जाऊ नका," मी म्हटलं.

बाबांनी घासायचा दगड पिशवीत टाकला. "फरशी माही आहे. त्याची नाही."

तीन दिवस खपून त्यांनी ती चीर बुजवली, डाग घालवला. कुठे होता तेही कळेना. लोक म्हणाले, तुझा बाप मोठ्या मनाचा. मला नको होतं ते मोठं मन. मला तो डाग तिथेच हवा होता.